शिडीवर चढण्याआधी तिचे पाय बघा

मशीद बंदरच्या गोदामात वरच्या फळीवरचा माल काढायचा असो की ऑफिसातली ट्यूबलाइट बदलायची, आधी शिडीचे पाय बघा. खालचे रबरी बूट झिजून गुळगुळीत झाले असतील तर ती लादीवर सरकणारच. पावसाळ्यात तर विचारूच नका, जो तो ओल्या चपलांनी फिरलेला असतो. खाली गोणपाट टाकतात, तो उपाय नव्हे. गोणपाटासकट शिडी घसरते. लादी कोरडी पुसा, बूट नवे बसवा.

भिंतीला टेकवताना 4 फूट उंचीला 1 फूट अंतर धरा: शिडी 12 फुटांवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून 3 फुटांवर. पोटमाळ्यावर जायचं असेल तर टोक कडेच्या वर 3 फूट तरी हवं, नाहीतर उतरताना धरणार काय? घडीची शिडी मात्र पूर्ण उघडूनच वापरा.

विजेच्या कामाला ॲल्युमिनियमची नको, फायबरची घ्या. मेन स्विचही बंद करा.

पँटचं बक्कल शिडीच्या उभ्या दांड्याबाहेर जायला लागलं की समजा, फार वाकलात. खाली उतरा, शिडी सरकवा. कंटाळा येतो, मलाही येतो.