लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये थ्रेडेड इंटरप्ट कसा आणायचा

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवायचाय पण सुरुवात कुठून करू असं वाटत असेल तर आयटूसीवर (चिप जोडायच्या दोन तारांच्या बसवर) चालणारा एखादा जुना टचस्क्रीन किंवा सेन्सरचा ड्रायव्हर घ्या, आणि शक्यतो ज्याची चिप तुमच्या टेबलावर आहे असाच घ्या, कारण इंटरप्टचा (चिप सीपीयूला 'इकडे बघ' म्हणून देते त्या इशाऱ्याचा) कोड नुसता कंपाइल झाला म्हणून बरोबर आहे असं कधीच धरू नये.

आधी जुना कोड नीट वाचा. बऱ्याचदा असं दिसेल की हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन, आल्या आल्या डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक करतो (इंटरप्ट बंद), शेड्युल_वर्क करतो (खरं काम नंतरवर ढकलतो) आणि परत जातो, मग ते वर्क आयटूसीवरून चिपचा स्टेटस रजिस्टर वाचतं आणि शेवटी एनेबल_आयआरक्यू करतं. एवढा द्राविडी प्राणायाम का, तर आयटूसीच्या रीडला थांबावं लागतं म्हणजे स्लीप होतं, आणि हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्या क्षणी चालणाऱ्या कोडमध्ये, स्लीप चालत नाही. २००९ साली २.६.३० मध्ये रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू आलं, त्यात हँडलर वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो आणि तिथे स्लीप चालतं, आणि हे सगळं हाताने करायची गरज संपली, तरी तसे ड्रायव्हर अजून सापडतात.

आता बदल. वर्कमधलं फंक्शन उचलून थ्रेड हँडलर करा, ते आयआरक्यू_हँडल्ड परत देईल. रिक्वेस्ट_आयआरक्यूच्या जागी डेव्हएम_रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू टाका (डेव्हएमने घेतलेलं ड्रायव्हर निघताना आपोआप सुटतं), प्रायमरी हँडलरच्या (हार्ड इंटरप्टमध्ये चालणाऱ्याच्या) जागी नल द्या आणि फ्लॅगमध्ये आयआरक्यूएफ_वनशॉट द्या. मग इनिट_वर्क, कॅन्सल_वर्क_सिंक, डिसेबल-एनेबलची जोडी सगळं काढून टाका.

वनशॉट का ते समजून घ्याच. लेव्हल इंटरप्टमध्ये चिप स्टेटस वाचला जाईपर्यंत लाइन (इंटरप्टची तार) तशीच धरून ठेवते, आणि वाचणार तर थ्रेड, तोही नंतर, म्हणजे मधल्या वेळात लाइन उघडी राहिली तर इंटरप्टचा नुसता पूर येईल आणि थ्रेडला सीपीयूच मिळणार नाही. वनशॉटमुळे थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क (बंद) राहते. नल देऊन वनशॉट विसरलात तर बहुतेक वेळा कर्नलच आयन्व्हॅल एरर देऊन नकार देतो, ते चांगलंच आहे.

ट्रिगरचा (लाइनच्या कुठल्या स्थितीला किंवा बदलाला इंटरप्ट मानायचं त्याचा) फ्लॅग कोडमध्ये ठोकून बसवलेला असेल, फॉलिंग वगैरे, तर तो डिव्हाइस-ट्रीत (बोर्डावर काय कसं जोडलंय त्या वर्णनात) लिहिलेल्यावर कुरघोडी करतो. काढावासा वाटेल, पण तो बदल याच पॅचमध्ये घालू नका, वेगळा करा, कारण कुणाच्यातरी बोर्डाच्या डिव्हाइस-ट्रीत ट्रिगर चुकीचा असू शकतो आणि आजवर ड्रायव्हरमुळेच ते चालत आलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ क्रमावर घालवा. प्रोबमध्ये (ड्रायव्हर चिपला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) इंटरप्ट मागितला की तो पुढच्याच क्षणी येऊ शकतो, म्हणून हँडलर ज्याला हात लावतो ते सगळं, इनपुट डिव्हाइस, लॉक, बफर, आधी तयार पाहिजे. आणि बाहेर पडताना डेव्हएमच्या गोष्टी रिमूव्ह फंक्शन संपल्यावर उलट्या क्रमाने सुटतात, म्हणजे रिमूव्हमध्ये तुम्ही हाताने बफर फ्री केला किंवा रेग्युलेटर (चिपचा वीजपुरवठा) बंद केला तर त्या वेळी इंटरप्ट जिवंतच आहे. एकतर सगळंच डेव्हएमवर न्या, नाहीतर डेव्हएमचा नाद सोडून रिमूव्हमध्ये आधी फ्री_आयआरक्यू करा.

लाइन शेअर्ड असेल, म्हणजे एकाच लाइनवर अनेक डिव्हाइस असतील, तर स्टेटस बघून इंटरप्ट आपला नसेल तेव्हा आयआरक्यू_नन द्या. १,००,००० पैकी ९९,९०० च्या वर इंटरप्ट कुणीच घेतले नाहीत तर कर्नल 'नोबडी केअर्ड' म्हणून ती लाइन बंद करतो, आणि ड्रायव्हर सरसकट हँडल्ड देत सुटला तर हे संरक्षण आंधळं होतं.

टेस्ट करताना डीबग_अॅटॉमिक_स्लीप आणि प्रूव्ह_लॉकिंग (चुकीच्या जागचं स्लीप आणि लॉकच्या चुका पकडणारे पर्याय) चालू करून कर्नल बांधा. /प्रोक/इंटरप्ट्समध्ये आकडा वाढतोय का बघा, पीएसमध्ये (प्रोसेसच्या यादीत) आयआरक्यू/ नावाने सुरू होणारा थ्रेड दिसला पाहिजे. मग स्क्रीनवर बोट फिरवत असतानाच मॉड्यूल काढा, परत घाला, सस्पेंड करून उठवा. क्रमातल्या चुका इथेच सापडतात.

शेवटी चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, कुणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगेल, आणि संदेशात कुठल्या बोर्डवर तपासलं ते स्पष्ट लिहा, नुसतं कंपाइल केलं असेल तर तसंच लिहा, मेंटेनरला (तो कोड सांभाळणाऱ्याला) त्यावरच ठरवायचं असतं. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबून त्याच मेलला जोडून नम्रपणे विचारा.