सिंधी कुटुंबांकडून फाळणीच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथील सिंधी कुटुंबांकडून फाळणीची हकिगत टिपून घ्यायची असेल, तर आधी जुना नकाशा नीट पाहावा. रॅडक्लिफ यांनी आखलेली व १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेली सीमा पंजाब आणि बंगाल या प्रांतांना चिरत गेली; सिंध मात्र अखंडच पाकिस्तानात गेला. त्यामुळे गाव सीमेच्या कोणत्या बाजूला होते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. घर केव्हा सोडले आणि कोणत्या वाटेने आलात, हे विचारावे.

‘केव्हा’चे उत्तर बहुधा ‘पार्टिशनच्या वेळी’ एवढेच मिळते आणि लिहिणारा १५ ऑगस्ट घालून मोकळा होतो. ही घाई टाळावी. कित्येक कुटुंबे त्यानंतरही सिंधमध्येच होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि निघणाऱ्यांची रीघ वाढली. तेव्हा लहान असलेल्या आजींना तारीख आठवणे कठीणच. गांधीजी गेल्याची बातमी कराचीत ऐकली, बोटीवर की कल्याणच्या छावणीत, हे मात्र त्या सांगू शकतील आणि ३० जानेवारी १९४८ हा पक्का आधार हाती लागेल.

गावाबरोबर तालुका व जिल्हाही लिहावा. ‘हैदराबाद’ म्हटले की आपल्याला अजिंठ्यापलीकडचे निजामाचे राज्य आठवते. सांगणारे मात्र सिंधमधील शहराविषयी बोलत असतात. (१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध आणि खानदेश दोन्ही मुंबई इलाख्यातच होते, तेव्हा त्याआधीच्या सिंधी कागदावर मुंबई सरकारचे नाव दिसल्यास चक्रावू नये.)

घरात ‘क्लेम’चा कागद असल्यास त्याचे तेथेच छायाचित्र घ्यावे, मूळ प्रत मागून नेऊ नये. मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे १९५० च्या कायद्याने नोंदवले गेले, भरपाईचा कायदा १९५४ मध्ये आला. कुटुंबाने मागितलेली रक्कम आणि पडताळणीनंतर मान्य झालेली रक्कम वेगळी असू शकते, दोन्ही लिहाव्यात. निर्वासितांचे आकडे १९५१ च्या जनगणनेत आहेत, पण तेथे जळगाव व धुळे ही जिल्ह्यांची नावे शोधू नयेत. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश पाहावे.

येथील मुस्लिम कुटुंबांनाही, त्यांच्यापैकी कोणी कराचीला गेले होते का, हे विचारलेच पाहिजे, नाहीतर नोंद एकतर्फी राहते. मात्र हा प्रश्न चारचौघांत काढू नये. स्वतंत्र वेळ घेऊन, घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने विचारावा.