मायक्रोवेव्ह काउंटर: या चुका टाळा, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या

एचपी ५३४२ए या मायक्रोवेव्ह फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरचं चेक बटण दाबलं की पडद्यावर ७५.०००००० उमटतं आणि समोरचा माणूस निश्चिंत होतो. "बघा, कॅलिब्रेशन बरोबर आहे." ही पहिली चूक, आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी. ते ७५ मेगाहर्ट्झ यंत्रानं आपल्याच १० मेगाहर्ट्झच्या टाइमबेसवरून, म्हणजे आतल्या क्रिस्टलच्या घड्याळावरून, तयार केलेले असतात. टाइमबेस सरकला की ते ७५ही तेवढेच सरकतात, त्यामुळे आकडा जागचा हलत नाही. वाण्यानं आपला तराजू आपल्याच वजनांनी तपासावा, तसा हा प्रकार. मागचं १० मेगाहर्ट्झ आउटपुट पुढच्या इनपुटला जोडून "दहा म्हणजे दहाच दाखवतो" असं म्हणणं हे त्याचंच भावंड. या चाचणीतून एवढंच कळतं की मोजणारी सर्किटं आणि पडदा शाबूत आहेत.

दुसरी चूक अकरा आकड्यांच्या मोहातली. पडदा १ हर्ट्झपर्यंत दाखवतो, म्हणून मोजमापही तेवढंच खरं असं धरलं जातं. याच ५३४२एमध्ये साधा टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असेल, तर त्याचं एजिंग, म्हणजे वयानुसार सरकणं, महिन्याला एक कोटीत एक भाग इतकं होऊ शकतं. म्हणजे १० गिगाहर्ट्झवर महिन्याला १ किलोहर्ट्झ. वर्षभर हात लावला नसेल, तर शेवटचे चार आकडे निव्वळ शोभेचे. ओव्हनवाला, म्हणजे सतत ठरावीक तापमानाला गरम ठेवलेला क्रिस्टल असेल, तर चोवीस तास तापल्यानंतर रोजचा सरक दोन अब्जांत एक भाग, १० गिगाहर्ट्झवर ५ हर्ट्झ. पण अट त्या चोवीस तासांची आहे. पुढचं बटण स्टँडबायवर ठेवलं तर ओव्हन गरम राहतो. रात्री "लाइट वाचवायला" भिंतीवरचा स्विच बंद केला की सकाळी सगळं पहिल्यापासून. प्रयोगशाळेतून आणलेलं यंत्र गाडीतून उतरवून तासाभरात ॲडजस्ट करणारे लोक मी पाहिलेत. ते थंड क्रिस्टल दुरुस्त करतात आणि गरम क्रिस्टल बिघडवून ठेवतात.

टाइमबेस तपासायला महागडं काही लागत नाही. जीपीएसला लॉक झालेला १० मेगाहर्ट्झ ऑसिलेटर आणि दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप पुरे. जीपीएसचा सिग्नल पहिल्या चॅनेलला द्या, ट्रिगरही त्याच्यावरच ठेवा. काउंटरचं १० मेगाहर्ट्झ आउटपुट दुसऱ्या चॅनेलला. आता दुसरी लाट हळूहळू सरकताना दिसेल. डावीकडे सरकली तर काउंटरचा क्रिस्टल पुढे पळतोय, उजवीकडे तर मागे पडतोय. एक लाट १०० नॅनोसेकंदांची असते. ती पूर्ण सरकायला १० सेकंद लागले, तर चूक दहा कोटींत एक, १०० सेकंद लागले तर अब्जात एक. हातातल्या घड्याळावर मोजता येतं. टाइमबेस जुळवायचा स्क्रू फिरवण्याआधी आलेला आकडा तारखेसकट वहीत लिहा. पुढच्या वर्षी क्रिस्टल किती आणि कुठल्या दिशेला सरकला ते त्याच आकड्यावरून कळतं, आणि लोक नेमका तोच लिहीत नाहीत. स्क्रू प्लॅस्टिकच्या ट्रिमर टूलनं (बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं) फिरवा.

मागच्या बाजूचा, टाइमबेस आतला की बाहेरचा ते निवडणारा इंटर्नल-एक्स्टर्नल स्विचही आधी बघा. एक्स्टर्नलवर राहिलेला स्विच आणि न जोडलेली केबल, एवढ्यावर "काउंटर डेड" म्हणून यंत्रं माझ्याकडे आलीत.

आकडा नाचतो, पण काउंटर ठीक असतो

एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या मायक्रोवेव्ह लॅबमधून असाच काउंटर आला. तक्रार: गन ऑसिलेटरच्या (गन डायोडवर चालणाऱ्या मायक्रोवेव्ह स्रोताच्या) बेंचवर आकडा टिकत नाही. माझ्याकडे दोन दिवस चालवला, सिग्नल जनरेटरवर एकदम स्थिर. शेवटी तो घेऊन मीच लॅबमध्ये गेलो. बेंचवर पिन मॉड्युलेटर, म्हणजे सिग्नल चालू-बंद करणारा डबा, चालू होता, १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट, कारण परतणाऱ्या लाटेचं प्रमाण मोजणाऱ्या व्हीएसडब्ल्यूआर मीटरला ती लागते. सिग्नल अर्धा मिलिसेकंद आहे, अर्धा मिलिसेकंद नाही. असला काउंटर आधी आपला लोकल ऑसिलेटर फिरवून सिग्नल शोधतो, मग त्याचा कितवा हार्मोनिक (कितवी पट) लागला ते ठरवतो, आणि त्यानंतर मोजतो. मधेच सिग्नल गायब झाला की पुन्हा शोधाशोध. मॉड्युलेटर बंद केला आणि आकडा गपचूप बसला. तुकड्यातुकड्यांचा सिग्नल मोजायला पल्स काउंटर वेगळा मिळतो.

त्याच बेंचवर एक फुकटचा साक्षीदार होता, कॅव्हिटीवाला फ्रिक्वेन्सी मीटर: त्याची पोकळी सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीला जुळली की पॉवर खाली जाते, तोच डिप. काउंटरनं हार्मोनिकचा क्रमांक चुकवला, तर उत्तर थोडंथोडकं नाही, लोकल ऑसिलेटरच्या अख्ख्या एका फ्रिक्वेन्सीइतकं चुकतं. ५३४२एमध्ये ते अंतर सुमारे ३०० ते ३५० मेगाहर्ट्झ असतं. आकडा स्थिर आणि रुबाबदार दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. कॅव्हिटी मीटरचा डिप वेगळ्याच ठिकाणी दिसला की समजा, चूक टाइमबेसची नाही. सिग्नल फार कमजोर आहे का, त्यात दुसरी फ्रिक्वेन्सी मिसळली आहे का, ते आधी पाहा.

पॉवरचं तर विचारूच नका. हा काउंटर मायक्रोवेव्ह इनपुटला साधारण -२५ ते +५ डीबीएमपर्यंत (१ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम) नीट मोजतो. १० मिलिवॉटचा गन ऑसिलेटर म्हणजेच +१० डीबीएम. मध्ये २० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावायचा, विचार न करता. +२५ डीबीएमच्या वर सॅम्पलरचे, म्हणजे इनपुटवरच्या मिसळणाऱ्या भागाचे, डायोड जातात, आणि जुन्या यंत्राचा सॅम्पलर मिळवणं म्हणजे दुसरं मेलेलं यंत्र विकत घेणं. त्या इनपुटच्या मधल्या पिनेला मल्टिमीटर लावून "डायोड बघू" असं करू नका. सॅम्पलर अर्धवट गेला की यंत्र बंद पडत नाही, नुसतं बहिरं होतं. म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर दणदणीत सिग्नल देऊन पास करू नका. १, ५, १०, १२ गिगाहर्ट्झवर पॉवर कमी करत जा आणि आकडा कुठे सुटतो ते टिपा.

झाकण उघडल्यावर

आधी पॉवर सप्लाय. प्रत्येक रेलचा (सप्लायच्या प्रत्येक लाइनचा) व्होल्टेज आणि त्यावरचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, दोन्ही. मल्टिमीटर ५.० व्होल्ट दाखवत असतो आणि स्कोपवर म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा रिपल नाचत असतो. असा रिपल सिंथेसायझरला (लोकल ऑसिलेटर तयार करणाऱ्या सर्किटला) लॉक होऊ देत नाही, आणि लोक सिंथेसायझरचं कार्ड उपसत बसतात. कोकणातून आणि पावसाळ्यानंतर येणाऱ्या यंत्रांत निम्मं काम कार्डांच्या एज कनेक्टरवरच होतं. कार्ड काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सोनेरी पट्ट्या पुसा, परत बसवा. खोडरबरनं घासू नका, सोन्याचा थर पातळ असतो. आयसी सॉकेटमध्ये असतील तर त्याही एकदा दाबून बसवा.

दुरुस्ती झाली की झाकण उघडं ठेवूनच कॅलिब्रेशन उरकण्याची घाई होते. उघड्या यंत्रात हवा वेगळी फिरते आणि ओव्हनभोवतीचं तापमानही वेगळं राहतं. झाकण लावा, सगळे स्क्रू घट्ट करा, दिवसभर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी ती सरकणारी लाट पुन्हा बघा.