देशोदेशीची थंड पेयं आणि वाइन: तुलना करताना या चुका टाळा

परदेशातून परतणाऱ्यांच्या बॅगेत हल्ली चॉकलेटांच्या जोडीला बाटल्याही असतात. पेरूची पिवळीधमक इंका कोला, स्कॉटलंडची नारिंगी आयर्न-ब्रू, ऑस्ट्रियाची आल्मडुडलर, एखादी जॉर्जियाची नाहीतर जर्मनीतल्या मोझेलची वाइन. मंडळी जमतात, ग्लास भरले जातात आणि दहा मिनिटांत निकाल लागतो: ही गोडमिट्ट, ती कडू, ती औषधासारखी, त्यापेक्षा आपली थम्स अप बरी. बहुतेक वेळा हा त्या पेयांवर अन्याय असतो. दोष जिभेत नसतो. पेयं चुकीच्या तापमानाला, चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या खाण्यासोबत समोर आलेली असतात. तेवढी मांडणी आधी नीट केली तर तीच जीभ फार वेगळं सांगते.

सगळं एकाच फ्रिजमधून काढणं

घरच्या फ्रिजमध्ये साधारण 4-5 अंश तापमान असतं. कोला, लेमोनेड, आयर्न-ब्रू यांना ते मानवतं. गारव्यात गोडी दबते आणि वायू पाण्यात टिकून राहतो. कोला कोमट झाला की याच कारणाने पाणचट आणि नकोसा गोड लागतो. पण त्याच फ्रिजमधून काढलेली रेड वाइन तुरट आणि बिनवासाची वाटते, कारण थंडीत तुरटपणा पुढे येतो आणि सुगंध वर यायला तयार नसतो.

आपल्याकडे उलट चूक जास्त होते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं कुठेतरी वाचलेलं असतं. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. मे महिन्यात नागपुरात घरातल्या खोलीतही तीस-पस्तीस अंश असतात आणि त्या उष्णतेत शिराझसारखी चांगली रेडसुद्धा नुसता अल्कोहोलचा भपकारा देते. उन्हाळ्यात रेडची बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच ओता. व्हाइट वाइन 8 ते 12 अंशांना आणि स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, 6 ते 8 अंशांना उत्तम.

नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घेऊन हे स्वतः पाहता येतं. फ्रिजमधून थेट ओतली तर पहिल्या घोटाला गारवा आणि थोडा आंबटपणा, एवढंच कळतं. मग ग्लासचा फुगीर भाग तळहातात धरून बसा. काचेवरचं दव ओसरायला लागलं की पिकल्या पेरूचा, अननसाचा वास हळूहळू वर येतो. वाइन तीच असते, चार-पाच अंश बदललेले असतात. तिची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या शेनिनशी तुलना करायची असेल तर दोन्ही ग्लास या टप्प्यावर आल्याशिवाय काही बोलू नये.

गोडी वेगवेगळ्या मापांनी मोजणं

अमेरिकन कॅनवर साखर अख्ख्या कॅनमागे लिहिलेली असते: 355 मिलीच्या कोलात 39 ग्रॅम. युरोपात आणि भारतात ती 100 मिलीमागे असते आणि वाइनवाले लिटरच्या हिशेबात बोलतात. हे आकडे तसेच शेजारी ठेवले तर घोटाळा ठरलेलाच. सगळं लिटरवर आणा. नेहमीचा कोला म्हणजे लिटरला साधारण 106 ते 110 ग्रॅम साखर. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, वाइनमध्ये ती बहुधा 4 ग्रॅमच्या आतबाहेर असते. कोल्याचा घोट घेऊन लगेच वाइन प्यायलं तर ती आंबटढाण लागणारच. तेव्हा आधी वाइन, तीही कोरडीपासून गोडीकडे, आणि सगळ्यात शेवटी थंड पेयं. जमलं तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी ठेवा. मला तरी तेच योग्य वाटतं.

स्पार्कलिंगच्या लेबलावर हमखास फसायला होतं. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून लोक सगळ्यात कोरडी म्हणून ती उचलतात. युरोपच्या नियमांत एक्स्ट्रा ड्रायमध्ये लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर चालते आणि 'ब्रूट' लिहिलेल्या बाटलीत 12 च्या आत. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड. 'डेमी-सेक' लिहिलेली तर 32 ते 50 ग्रॅमपर्यंत जाते.

जर्मनीच्या रीस्लिंग या व्हाइट वाइनच्या लेबलावर अक्षरांची गर्दी असते. अशा वेळी खालच्या कोपऱ्यातला अल्कोहोलचा आकडा शोधा. 8 टक्के असेल तर द्राक्षातली बरीच साखर दारूत न बदलता मागे राहिली आहे, वाइन गोडसर असणार. 12 टक्के किंवा वर असेल आणि 'ट्रोकन' लिहिलेलं असेल तर ती कोरडी. 'स्पेटलेझे' हा शब्द द्राक्ष किती पिकल्यावर तोडलं ते सांगतो, ग्लासातल्या गोडीची हमी देत नाही.

नाव एक म्हणजे पेय एक, हे गृहीत धरणं

अमेरिकेत कोल्यात 1980 च्या दशकापासून कॉर्न सिरप वापरलं जातं, तर मेक्सिकोच्या काचेच्या बाटलीतला कोला उसाच्या साखरेचा म्हणून लोक शोधत फिरतात. फँटा तर देशागणिक वेगळी. इटलीत संत्र्याच्या पेयात फळाचा रस किती हवा हे कायदा ठरवतो, त्यामुळे तिथली फँटा रंगालाही फिकट आणि चवीलाही फळाजवळची. ब्रिटनमध्ये 2018 साली साखरेवर कर येऊ घातला, तेव्हा आयर्न-ब्रूची साखर 100 मिलीला 10.3 ग्रॅमवरून 4.7 ग्रॅमवर आली आणि गोडीची उणीव कृत्रिम गोडीने भरून काढली गेली. ग्लासगोत शिकून आलेल्या कुणाची 2010 ची आठवण आणि आजचा कॅन ही दोन वेगळी पेयं आहेत. जुन्या चवीची, जास्त साखरेची बाटली आता 1901 या नावाने वेगळी मिळते.

गोव्यातून आणलेली स्वस्त, गोड 'पोर्ट वाइन' ओळखीची असते, म्हणून पोर्तुगालची पोर्ट समोर आली की तशाच अपेक्षेने मोठा ग्लास भरला जातो. दोउरो खोऱ्यातल्या पोर्टमध्ये द्राक्षरस आंबत असतानाच द्राक्षाची जहाल दारू मिसळतात. आंबणं तिथेच थांबतं, साखर मागे राहते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. ती छोट्या ग्लासात, जेवणानंतर घोट-घोट प्यायची. गोव्याच्या बाटलीशी तिची तुलना करून कुणाचंच भलं होत नाही.

वाइनमध्ये हा घोळ सगळीकडे आहे. फ्रान्सच्या शाब्लीच्या बाटलीत शार्दोने द्राक्ष असतं, सांसेरच्या व्हाइटमध्ये सोविन्यो ब्लाँ, पण लेबलावर बहुधा फक्त गावाचं नाव. सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष. चिलीत तर कित्येक बागांत मेर्लो म्हणून वाढवलेली वेल मुळात कार्मेनेर होती. ते 1994 मध्ये फ्रेंच वेलतज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी ओळखलं.

सालाचंही तसंच. ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिनात द्राक्षं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात, फ्रान्स-इटलीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. लेबलावर दोन्हीकडे 2023 असलं तरी दक्षिणेकडची वाइन सहा महिन्यांनी मोठी. नाशिकचं वेळापत्रक तिसरंच: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठीची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चच्या थंड रात्रींत तोडणी. इथल्या बहुतेक व्हाइट वाइन ताज्या असतानाच प्यायच्या असतात. भेट आलेली बाटली शोकेसमध्ये चार वर्षं उभी ठेवून मग 'भारतीय वाइनमध्ये दम नाही' म्हणणं बरोबर नाही.

पेय त्याच्या जेवणापासून तोडणं

इंका कोला नुसती प्यायली तर बबलगमसारखी गोड लागते. 1935 साली लिमात जन्मलेलं हे पेय पेरूत चिफाबरोबर, म्हणजे तिथल्या चिनी वळणाच्या जेवणाबरोबर घेतात. सोया सॉसचा खारटपणा आणि तळलेला भात तोंडात असला की ती गोडी जागेवर बसते. मुंबईच्या इराणी हॉटेलात बेरी पुलावासोबत पालनजींचा रास्पबेरी सोडा घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पुण्याच्या आर्देशिरचा रास्पबेरीही असाच जेवणासोबत घ्यावा. इटलीचा किनोत्तो काळा दिसतो म्हणून लोक त्याला कोला समजतात आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतात. तो कडवट संत्र्याच्या जातीच्या फळाचा आहे, जेवणाआधी भूक चाळवायला घ्यायचा.

चाखताना टेबलावर काय ठेवायचं, हाही प्रश्न आहेच. तिखट चिवडा, चकली, लसणाची चटणी ठेवली तर त्या दिवशीची तुलना तिथेच संपली. अल्कोहोलने तिखटाची जळजळ वाढते आणि तुरट रेड आणखी रखरखीत लागते. साधा पाव, बिनमिठाची बिस्किटं आणि पाणी पुरे. जेवणात मसालेदार काही असेल तर किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीस्लिंग पुढे करा. कोल्हापुरी रश्श्यापुढे ती फ्रान्सच्या बोर्दोतल्या भारी रेडपेक्षा कितीतरी समजूतदार ठरते.

स्वभावालाच बिघाड समजणं

चांगल्या बाटल्या मोरीत ओतल्या जातात त्या इथेच, म्हणून जरा तपशिलात जातो.

जॉर्जियाची अंबर वाइन पाहून 'व्हाइट होती, जुनी होऊन तांबूस झाली' असं वाटतं. ती हिरव्या द्राक्षांचीच असते, पण साली-बियांसकट जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणात आंबवलेली. म्हणून रंग गडद आणि चव चहासारखी तुरट. या पद्धतीची 2013 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली. ती फार थंड करू नका, 12 ते 14 अंश ठीक.

बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. थंडीत गोठलेले ते द्राक्षातलेच क्षार असतात. जुन्या रीस्लिंगला रॉकेलसारखा वास येतो आणि जाणकार तो मुद्दाम शोधतात. पोर्तुगालच्या विन्यो व्हेर्देत हलके बुडबुडे असणं हीच त्या वाइनची रीत.

अमेरिकन रूट बिअरचा किस्सा ठरलेला आहे. कॅन उघडला की कुणीतरी म्हणतंच, 'याला आयोडेक्सचा वास येतोय.' नाक बरोबर असतं. रूट बिअरमध्ये विंटरग्रीनचा स्वाद असतो आणि त्यातला मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट आपल्याकडे दुखण्यावरच्या मलमांत असतो. अमेरिकन मुलाला तोच वास व्हॅनिला आइस्क्रीमची आठवण देतो. मलेशियातली सार्सीही याच कुळातली. पहिला घोट सोडून द्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या घोटावर मत बनवा. स्वित्झर्लंडची रिव्हेला 1952 पासून दुधाच्या निवळीपासून बनते, तिलाही हीच सवलत द्या.

खरे बिघाड असे: ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास म्हणजे बूच बाधलेलं. व्हिनेगरचा झणका म्हणजे हवा शिरलेली. बूच बाटलीतून वर सरकलेलं आणि चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी असेल तर बाटली वाटेत किंवा दुकानात उन्हात तापली आहे. अशा बाटलीवरून त्या देशाबद्दल काहीही ठरवू नका, दुसरी उघडा.

आणखी एक गोष्ट, मुलांसाठी आणि मद्य न घेणाऱ्यांसाठी महत्त्वाची. रूट बिअर आणि बाजारातली बहुतेक जिंजर बिअर नावात बिअर असूनही बिनमद्याची असते. रशियाचं क्वास मात्र राई पावापासून आंबवलेलं पेय, त्यात साधारण एक टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. वाटण्याआधी सांगा.

किंमत आणि लेबल बघून गुण देणं

भारतात आयात वाइनवर मूळ आयातशुल्कच अनेक वर्षं 150 टक्के होतं, वर राज्यांचे कर. 2022 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाला आणि तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांचं शुल्क कमी झालं. अशा करांमुळे मुंबईच्या दुकानात नाशिकच्या आणि इटलीच्या बाटलीवर सारखी किंमत दिसली तरी त्या एका दर्जाच्या नसतात. आयात बाटलीतला मोठा वाटा कराचा असतो. नाशिकची वाइन तिच्याच किमतीच्या परदेशी वाइनसमोर अनेकदा उजवी ठरते, ती यामुळेही.

लेबल झाका. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या बाटल्या झाकून ठेवल्या. रेडमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबर्ने आणि व्हाइटमध्ये तिथल्याच शातो मोंतेलेनाची शार्दोने पहिली आली. घरी बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळलं तरी चालतं. थंड पेयांत मात्र रंगच चुगली करतो: पिवळ्याजर्द इंका कोलाला लोक आधीच कृत्रिम ठरवून मोकळे होतात. ती स्टीलच्या पेल्यांतून द्या. वाइनला स्टील नको, सगळ्यांना एकाच आकाराचे, वर निमुळते होणारे काचेचे ग्लास द्या आणि 40 मिलीपेक्षा जास्त ओतू नका.

थंड पेयांची नेहमी लहान बाटली किंवा कॅन घ्या. दोन लिटरची बाटली तिसऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर तिच्यातला अर्धा वायू उडून गेलेला असतो. उघडलेली व्हाइट वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, रेडही तिथेच ठेवा. रेड उरलीच तर स्पेनच्या बास्क भागातल्यासारखी निम्मा कोला घालून, भरपूर बर्फ टाकून प्या. तिथे त्याला कालिमोचो म्हणतात आणि जत्रांमध्ये तो सर्रास चालतो.