पेपर पीसिंग शिकताय? मग निदान या चुका तरी टाळा

"फोटोतल्या चांदणीची टोकं कशी सुईसारखी आहेत, मग माझीच बोथट का?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय, की आता मी शिलाई बघायच्या आधीच विचारतो, "छापताना प्रिंटरला काय सांगितलं होतं?" समोर थोडा वेळ शांतता. मग उत्तर येतं, "सांगायचं काय? प्रिंट दाबलं."

इथेच घोडं पेंड खातं. पेपर पीसिंग म्हणजे कागदाच्या आधाराने कापडाचे तुकडे जोडून गोधडी, उशी वगैरे शिवणं. कागदाचं माप चुकलं की कापडाचंही चुकतं.

पॅटर्न न मोजता छापणं

पॅटर्नच्या कोपऱ्यात एक इंचाचा छोटा चौकोन असतो. तो शोभेला दिलेला नसतो, छपाईचं माप तपासायला असतो. बरेच पॅटर्न लेटर आकाराच्या कागदासाठी, म्हणजे 8.5 × 11 इंचांसाठी बनवलेले असतात. आपल्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा ए-फोर असतो. तो लेटरपेक्षा लांब, पण रुंदीला कमी, 216 ऐवजी 210 मिलिमीटर. 'पानावर बसवा' हा पर्याय चालू राहिला, की प्रिंटर गुपचूप सगळं चित्र साधारण 97 टक्क्यांवर आणतो. डोळ्यांना काही कळत नाही. शिवलेल्या कापडाला मात्र कळतं.

माझ्या मुलीच्या पलंगासाठी मी छत्तीस चांदण्या करायला घेतल्या होत्या. प्रत्येक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून झालेला एक चौकोन, सहा इंचांचा. अर्धी पानं घरी नीट छापली, शाई संपली, उरलेली ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उरकली. त्या प्रिंटरवर 'पानावर बसवा' आधीच निवडलेलं होतं. तिथे छापलेला प्रत्येक ब्लॉक 5.82 इंचांचा झाला. एका ब्लॉकमागे अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी फरक, म्हणून मनात म्हटलं, जाऊ दे. सहा ब्लॉकची ओळ जोडल्यावर तोच फरक इंचाच्या वर गेला. एक ओळ 36 इंच, तिच्या शेजारची 35सुद्धा नाही.

मग जे सगळे नवशिके करतात, तेच केलं. छोटी ओळ ओढून ओढून मोठीला बसवली, टाचण्यांनी जखडली, शिवली, वर कडक इस्त्री मारली. इस्त्रीखाली सपाट दिसलं. सकाळी घडी उघडली तर मधोमध पापडासारखे फुगवटे. दोन रात्री नुसतं उसवत बसलो. पेपर पीसिंगचे टाके मुद्दाम बारीक ठेवलेले असतात, त्यामुळे ते उसवणं म्हणजे भातातले खडे वेचण्यासारखं काम. छोट्या चांदण्यांचं शेवटी वेगळं आच्छादन झालं आणि पलंगाचं काम चार महिने लांबलं.

आता माझी सवय अशी आहे. आधी एकच पान 100 टक्क्यांवर छापतो. ज्या पट्टीने कापड कापतो, त्याच पट्टीने तो चौकोन मोजतो. बरोबर आला तर पेन्सिलीने कोपऱ्यात 'ठीक' लिहितो आणि उरलेली सगळी पानं त्याच बैठकीत, त्याच प्रिंटरवर काढतो. झेरॉक्सची झेरॉक्स अजिबात काढत नाही, दर वेळी माप थोडं सरकतं. "तेवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्याला मी आता काही सांगत नाही. त्याला उसवताना कळेलच.

दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजणं

'पेपर पीसिंग' या एकाच नावाखाली दोन पद्धती नांदतात, आणि त्यांच्या सामानाची अदलाबदल झाली की पैसे वाया. इंग्लिश पेपर पीसिंग हाताने करतात. जाडसर कागदाच्या षटकोनावर कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचं आणि दोन षटकोन कडेला कडा लावून जोडायचे. जोडताना सुई कागदातून जाता कामा नये, कापडाच्या काठाचे एक-दोन धागेच उचलायचे. फाउंडेशन पेपर पीसिंग मशीनवर होतं. तिथे छापलेल्या रेषेवर कागदासकट शिवायचं आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. एका उत्साही पालकाने मला दाखवायला चाळीस षटकोन आणले होते, सगळे मशीनने कागदातून शिवलेले. मी चहा घेतला आणि मग बोललो.

वेळ तुकड्या-तुकड्यांत मिळत असेल तर हाताच्या पद्धतीने सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही चालते. मशीनच्या पद्धतीला सलग पाऊण तास तरी हवा. तो मिळत नसताना ती धरली की घाई होते, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या घाईतूनच येतात.

चित्र आरशातलं आहे हे विसरणं

फाउंडेशनमध्ये कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला लागतं आणि आपण छापील बाजूने शिवतो. त्यामुळे तयार ब्लॉक छापलेल्या चित्राच्या उलट येतो. चांदणीला फरक पडत नाही. अक्षराला पडतो. मुलाच्या नावाचं 'स' मी स्वतः पट्टीने आखून, दोन संध्याकाळी घालवून शिवलं. कागद फाडल्यावर त्यानेच आधी पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "बाबा, हे कुठलं अक्षर आहे?" स्वतः आखलेलं अक्षर, घर, बोट, काहीही असो, आधी कागद खिडकीच्या काचेला लावून मागून बघा. मागून दिसतं तेच शिवून येणार.

कापड वाचवायला जाणं

कापडाचे तुकडे अगदी मापात कापणारे लोक मला कळत नाहीत. फाउंडेशनमध्ये तिरका तुकडा उलटल्यावर कुठे जाऊन पडेल, याचा अंदाज सुरुवातीला कुणालाच येत नाही. तुकडा चारी बाजूंनी निदान अर्धा इंच मोठा घ्या, तिरक्या त्रिकोणांना त्याहून जास्त. उरलेलं कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

शिवायच्या आधी मी एक गोष्ट कधीच चुकवत नाही. नवा तुकडा सुलट्या बाजूला सुलटी बाजू लावून ठेवतो, शिलाईच्या रेषेवर टाचणी मारतो, मशीनकडे न जाता तो तसाच उलटतो आणि कागद दिव्यासमोर धरतो. पॅटर्नवरच्या पुढच्या घराच्या, म्हणजे तो तुकडा जिथे बसणार त्या भागाच्या, सगळ्या रेषांपलीकडे पाव इंच कापड दिसलं तरच शिवतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते टाळून किती वेळ वाचतो, हे मला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

आणि घरांवर छापलेले आकडे क्रमानेच घ्या. 3 च्या आधी 4 शिवला की 3 ला जागाच राहत नाही.

बाकीचं थोडक्यात, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही

टाका 1.5 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. नेहमीच्या 2.5 वर शिवलं की कागद फाडताना शिलाई उसवते.

सुई 90 नंबरची. भोक मोठं पडतं, कागद सहज सुटतो. कागद शिवून सुई लवकर बोथट होते, ती पुढे चांगल्या कपड्याला वापरू नका.

वाफेची इस्त्री नको. कागद आक्रसतो, छपाईची शाई फिकट कापडावर उतरते. कोरडी इस्त्री करा, वर एक जुना पांढरा कपडा ठेवा. आणि इस्त्री दाबून उचलायची, घासत न्यायची नाही. तिरक्या कापलेल्या कडा घासल्या की ताणल्या जातात.

उसवताना कागद फाटला तर चिकटपट्टी चालते, पण तिच्यावर इस्त्री गेली की ती वितळून चिकटते. हे मी एकदाच केलं. इस्त्री बदलावी लागली.

गडद लाल आणि गडद निळं कापड आधी धुऊन रंग जातो का बघा. एक कापड धुतलेलं, शेजारचं न धुतलेलं असं नको. पहिल्या धुण्यात एक आटतं आणि दुसरं नाही.

पाव इंचाची माया

मुलांवर माया थोडी जास्त झाली तर चालतं. कापडात माया म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कड, आणि तिथे पाव इंच म्हणजे पाव इंच. फाउंडेशनमध्ये रेषा छापलेली असते म्हणून ब्लॉकच्या आत निभावून जातं. चुकतं ते ब्लॉक एकमेकांना जोडताना. शिलाई अर्धं सूत आत गेली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तर दोन्ही बाजू धरून प्रत्येक जोडणीत एक सूत गेलं. बारा चौकोनांच्या ओळीत अकरा जोडण्या असतात. ओळ सव्वा इंचाहून जास्त आखूड.

मशीनवरची खूण बरोबर आहे, असं गृहीत धरू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोबर एक इंच यायला हवी. कमी आली तर सुई थोडी काठाकडे घ्या. मला तीन वेळा जुळवावं लागलं. मग ती जागा मशीनवर रंगीत चिकटपट्टी लावून कायमची ठरवून टाकली. ही पट्टी घरात कुणीही काढायची नाही, हे लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

दमलेल्या डोळ्यांनी कापणं

मुलं झोपल्यावरचा वेळ हाच आपला वेळ, हे मान्य. पण त्या वेळात शिवा, कापू नका. गोल पात्याचा कटर डुलक्या घेणाऱ्याला माफ करत नाही. मी कापायचं काम सुट्टीच्या सकाळी एकदम उरकतो आणि प्रत्येक ब्लॉकचे तुकडे त्याच्या कागदासोबत वेगळ्या पाकिटात ठेवतो. रात्री नुसतं पाकीट उघडायचं. पातं मात्र प्रत्येक कापानंतर बंद. "आत्ता लगेच परत लागणार आहे" हे कारण चालत नाही, कारण मूल पाणी मागायला नेमकं त्याच क्षणी येतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. शिलाईच्या मध्येच उठलात तर दोन दिवसांनी कुठला तुकडा कुठे, काही आठवत नाही. मी पुढचा तुकडा टाचून ठेवतो आणि मगच उठतो. पुन्हा बसल्यावर विचार न करता पहिली शिलाई मारता येते.

षटकोनवाल्यांच्या चुका

पहिली चूक हावरेपणाची. "डबल बेडची चादर करतेय, एक इंची षटकोनांची." फार छान. 60 × 80 इंचांना बाजू एक इंच असलेले अठराशेच्या वर षटकोन लागतात. रोज दोन झाले तर अडीच वर्षं, आणि हे फक्त कापड गुंडाळण्याचं, जोडणं वेगळंच. एका फुलापासून सुरुवात करा: मध्ये एक, भोवती सहा, बारा जोडण्या. मग 16 इंचांची उशी, शंभर-सव्वाशे षटकोनांत होते. ती पूर्ण झाल्यावर बोलू.

दुसरी, गोंद. काठीच्या गोंदाने (ग्लू स्टिकने) कापड कागदाला चिकटवणं झटपट होतं, मला ते फारसं आवडत नाही. महिना-दोन महिन्यांत संपणारं काम असेल तर ठीक, तेही कडेपासून आत एक बारीक रेघ. आपली कामं वर्षभर डब्यात पडून राहतात, गोंद कडक होतो, सुई शिरत नाही आणि कागद काढताना कापड ओढलं जातं. दोऱ्याचे कच्चे टाके घातलेलं काम कितीही दिवस वाट बघतं.

तिसरी, कागद लवकर काढणं. षटकोनाच्या सहाही बाजू जोडल्या गेल्याशिवाय त्याचा कागद काढायचा नाही, काठावरच्यांचा तर अगदी शेवटी. उशिरा काढल्याने काही बिघडत नाही. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात 1718 साल घातलेली एक रेशमी चादर आहे, तिच्यातले कागद अजून आतच आहेत. तेव्हा महिनाभर धीर धरायला हरकत नसावी.

फाउंडेशनचे कागद फाडायला मात्र मुलांना बोलवा. त्यांच्याइतक्या आनंदाने ते काम कुणी करणार नाही. आधी शिलाईवर कागद दुमडून नखाने घडी घालून द्या आणि एका हाताने शिलाई दाबून धरायला शिकवा. नाहीतर ती कागदाबरोबर टाकेही उपटतात. माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी एक कोपरा उपटला होता. तो पुन्हा शिवलाय, जरा वाकडा.

सुया आणि तान्हं बाळ

तान्ह्यासाठी क्विल्ट शिवणाऱ्यांनी हे नक्की वाचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी गोधडी, उशी, मऊ पांघरूण नको, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते. तुम्ही जागे असताना, नजरेसमोर, जमिनीवर पालथं खेळायला अंथरा.

आणि सुया मोजा. मी बसताना डबीत किती सुया, किती टाचण्या आहेत ते झाकणावर लिहितो आणि उठताना पुन्हा मोजतो. मोठ्या रंगीत डोक्याच्याच टाचण्या घेतो, बिनडोक्याच्या गालिच्यात दिसत नाहीत. एक जरी कमी भरली तरी जमिनीवर लोहचुंबक फिरवून ती सापडेपर्यंत खोलीचं दार बंद. मागच्या आठवड्यात ती माझ्याच बाहीत निघाली, रात्री पावणेबाराला.