जखमी गोल्डफिशची काळजी घेताना या चुका टाळा

दगडावर घासून खवले निघाले, फिल्टरच्या तोंडाशी शेपटी ओढली जाऊन फाटली, टेलिस्कोप जातीच्या माशाचा बाहेर आलेला डोळा प्लॅस्टिकच्या झाडावर आपटला. गोल्डफिशला होणाऱ्या जखमा साधारण अशाच असतात आणि पाणी चांगलं असेल तर त्यातल्या बऱ्याचशा भरून येतात. निघालेले खवले पुन्हा येतात. बुंधा शाबूत असेल तर परही वाढतो. गेलेला डोळा मात्र परत येत नाही, पण एका डोळ्याचा गोल्डफिश वर्षानुवर्षं नीट जगतो. म्हणून जखम दिसताच आशा सोडू नका, आणि औषधाच्या दुकानाकडेही धावू नका.

आधी औषध, मग पाणी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोल्डफिशच्या रक्तात बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत त्याच्या अंगात शिरू पाहतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत राहतात. खवले, त्वचा आणि अंगावरचा बुळबुळीत थर मिळून हे पाणी थोपवतात. जखमेपाशी हा अडसर नाहीसा होतो. मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगातले क्षार कमी होतात आणि पाण्यातले जंतू थेट मांसापर्यंत पोचतात. अशा वेळी पाण्यात अमोनिया, म्हणजे माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणारं विष असेल तर कल्लेही होरपळतात. म्हणून पहिलं काम पाणी तपासायच्या टेस्ट किटचं: अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तितकंच घातक नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर आधी पाणी बदला. नवीन पाण्यात अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रव) घाला आणि त्याचं तापमान जुन्या पाण्याइतकंच ठेवा.

वेगळा टब, पण फिल्टर नाही

शेपटीला छोटीशी चीर असेल आणि बाकीचे मासे टोचत नसतील, तर त्याला आहे तिथेच राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. जागा बदलण्याचा धसका त्या जखमेपेक्षा मोठा ठरू शकतो. मांस दिसत असेल किंवा इतर मासे मागे लागले असतील, तर वेगळं ठेवणं भागच आहे.

पण लोक त्याला लहानशा काचेच्या बाऊलमध्ये ठेवतात आणि त्याच्याच विष्ठेतल्या, कल्ल्यांतून सुटलेल्या अमोनियाने दोन दिवसांत त्याची हालत खराब होते. निदान 20 लिटरचा, साबण न लागलेला टब घ्या. मुख्य टँकच्या फिल्टरमधला जुना स्पंज त्यात लावता आला तर उत्तम, कारण अमोनिया संपवणारे जिवाणू त्यातच असतात. ते जमत नसेल तर एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवून रोज एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. टबवर अर्धं कापड टाकून अंधार केला की मासा शांत राहतो.

उचलताना जाळी वापरू नका, ती अंगावरचा थर खरवडते. पाण्यात वाडगा बुडवून माशासकट पाणी उचला. जखम बघायला रोज बाहेर काढणंही बंद करा.

अंदाजाने मीठ

मीठ खरंच उपयोगी आहे. बाहेरच्या पाण्यात क्षार वाढले की अंगात शिरणारं पाणी कमी होतं. पण 'मूठभर' हे माप नव्हे. लिटरला 1 ते 3 ग्रॅम पुरे, म्हणजे 20 लिटरच्या टबात 2 ग्रॅमच्या हिशेबाने 40 ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा, वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवा आणि दिवसभरात थोडं थोडं घाला. साधं खडेमीठ चालतं.

इथे एक गफलत हमखास होते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. आटलेलं पाणी भरून काढताना पुन्हा मीठ घालायचं नाही. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच घालायचं. झाडं असलेल्या टँकमध्ये हा प्रयोग नको.

घरगुती आणि माणसांची औषधं

डेटॉल, सॅव्हलॉन माशांसाठी विषारी आहेत, थेंबभरही नको. हळद पाण्यात टाकली तर पाणी तेवढं गढूळ होतं. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकणारे पुष्कळ आहेत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम हे औषध बांधून टाकतं, म्हणजे माशाला गुण येत नाहीच. मेथिलीन ब्लू हे निळं औषध बुरशीवर चालतं, पण वेगळ्या टबातच. मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशी नव्हे

जखमेवर पातळ, दुधट थर आला तर बहुतेकदा ते भरून येण्याचं लक्षण असतं. कापसासारखे तंतू बाहेर आले तर बुरशीची शंका घ्या. मात्र कापसासारखंच दिसणारं पण झपाट्याने पसरणारं काही असेल, तर तो कॉलमनॅरिस हा जिवाणूंचा आजार असू शकतो. तो उबदार पाण्यात आणखी वेगाने वाढतो, म्हणून 'ऊब मिळेल' म्हणून हीटर लावू नका. तसंही गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. भरत आलेल्या जखमेभोवती काळे डाग दिसले तर घाबरू नका, ते रंगद्रव्य असतं आणि सहसा फिकं होत जातं. कडा लाल होऊन खड्डा खोल जात असेल, खवले पिसारल्यासारखे उभे राहिले असतील किंवा मासा तळाशी पडून असेल, तर माशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा.

खाणं पहिला दिवस बंद ठेवलं तरी चालतं. गोल्डफिशला जठर नसतं, म्हणून पुढेही अगदी थोडं, भिजवलेलं खाणं द्या आणि उरलेलं लगेच काढा.

परत सोडण्याची घाई

जखमेवर नवी त्वचा येईपर्यंत थांबा, नाहीतर बाकीचे मासे तीच जागा टोचतात. त्याआधी टँकमधल्या वस्तूंवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. जिथे धागा अडकेल ती वस्तू बाहेर काढा. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे दाणे आलेले नर मादीच्या मागे धावत असतील तर तो विणीचा काळ आहे, आणि तिला दगडांवर ढकलणारेही तेच. तो पाठलाग थांबेपर्यंत तिला वेगळीच ठेवा.