ख्रिस्ती चित्रांतील ड्रॅगन कसा ओळखावा आणि कसा वाचावा

चर्चमधील काचचित्रात, वेदीमागच्या फलकावर किंवा दगडी खांबाच्या माथ्यावर ड्रॅगन कोरलेला दिसला, की आपली नजर सर्वप्रथम त्याच्या दातांवर, पंखांवर आणि खवल्यांवर खिळते. ही सवय मोडणे ही या वाचनाची पहिली पायरी होय. ख्रिस्ती परंपरेतील ड्रॅगन क्वचितच एकटा असतो. तो कोणाच्या तरी पायाखाली, भाल्याच्या टोकाशी किंवा दोरीच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि त्याचा अर्थ त्याच्या शरीरापेक्षा या नात्यात अधिक दडलेला असतो. म्हणून प्रथम त्याच्यावर कोणाचे पाऊल आहे ते पाहावे, मग त्या व्यक्तीच्या हातात काय आहे ते, आणि ड्रॅगनचे रूप सर्वांत शेवटी पाहावे.

मात्र चित्रासमोर उभे राहण्यापूर्वी एका शब्दाचा उलगडा करून घेणे आवश्यक आहे. मराठी बायबल वाचणाऱ्याला ‘ड्रॅगन’ हा शब्द तेथे सापडत नाही, कारण बायबलच्या अखेरच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात त्यासाठी ‘अजगर’ असा शब्द योजलेला आहे. हा शब्द मला योग्य वाटतो. पंख हा चित्रकारांनी पुढे जोडलेला अलंकार आहे, मूळ कल्पना सापाचीच आहे. हिब्रू शास्त्रात ‘तन्नीन’ हा शब्द समुद्रातील प्रचंड प्राण्यांसाठी येतो, त्याचे ग्रीक भाषांतर बहुधा ‘द्राकोन’ आणि लॅटिन ‘द्राको’ असे झाले, आणि या शब्दांबरोबर अनेक अर्थ एकत्र आले. यहेज्केलाच्या एकोणतिसाव्या अध्यायात नाईलच्या प्रवाहात पसरलेला हा प्राणी म्हणजे मिसरचा राजा फारो आहे, म्हणजे येथे ड्रॅगन हे जुलमी सत्तेचे चिन्ह आहे. यशयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या तलवारीने लिव्याथान या महासर्पाला शासन करतो. तेथे तो जगाच्या व्यवस्थेवर उठलेल्या अराजकाचे रूप आहे. आणि तरीही उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात हे महाकाय जलचर देवानेच निर्माण केले असे म्हटले आहे, तर स्तोत्र 148 मध्ये त्यांना देवाचे स्तवन करण्यास सांगितले आहे. तेव्हा ‘ड्रॅगन म्हणजे सैतान’ असे एकच समीकरण घेऊन चित्राकडे जाऊ नये.

हे समीकरण जेथे ठामपणे मांडलेले आहे ते स्थळ म्हणजे प्रकटीकरणाचा बारावा अध्याय, आणि तो एकदा सावकाश वाचल्याशिवाय बहुसंख्य चित्रे उलगडत नाहीत. सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र असलेली आणि मस्तकावर बारा ताऱ्यांचा मुकुट धारण केलेली एक स्त्री प्रसूतिवेदनांनी व्याकूळ आहे. तिच्यासमोर सात डोक्यांचा, दहा शिंगांचा तांबडा अजगर तिचे मूल गिळण्यासाठी टपून उभा आहे, आणि त्याच्या शेपटाने आकाशातील ताऱ्यांचा तिसरा हिस्सा ओढून पृथ्वीवर पाडला आहे. पुढे स्वर्गात युद्ध होते, देवदूतांचा प्रमुख मीखाएल आणि त्याचे दूत त्याला खाली टाकतात, आणि नवव्या वचनात त्याची सर्व नावे एकत्र सांगितली जातात: पुरातन साप, दियाबल, सैतान. या एका वचनाने एदेन बागेतील साप आणि शेवटच्या युद्धातील ड्रॅगन एकच ठरतात. म्हणूनच चित्रात साधा साप असो वा पंखांचा राक्षस, ख्रिस्ती चित्रकार पुष्कळदा एकाचीच गोष्ट सांगत असतो.

आता पावलांकडे यावे. ड्रॅगन ख्रिस्ताच्या पायाखाली असेल तर त्यामागे बहुधा स्तोत्र 91 चे तेरावे वचन असते, ज्यात सिंह आणि अजगर यांना तुडवण्याचे आश्वासन आहे. इटलीतील रावेन्ना येथे आर्चबिशपांच्या प्रार्थनालयातील जुन्या मोझेइकमध्ये ख्रिस्त रोमन योद्ध्याच्या वेशात, खांद्यावर क्रूस घेऊन उभा आहे. एका पायाखाली सिंह, दुसऱ्या पायाखाली साप. तेथे झटापट नाही की घाव नाही, युद्ध संपलेले आहे आणि तो नुसता उभा आहे.

पाऊल मरियेचे असेल तर वाचन अधिक बारकाईने करावे लागते, आणि हा भाग मला या संपूर्ण विषयात सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव सापाला सांगतो, की स्त्रीची संतती तुझे डोके फोडील. हिब्रू पाठात फोडणारी ती संतती आहे. परंतु पश्चिमेकडे शतकानुशतके वाचल्या गेलेल्या लॅटिन पाठात तेथे ‘इप्सा’, म्हणजे ‘ती’, असा शब्द आला, आणि त्यातून मरिया स्वतः सापाचे डोके चिरडते ही प्रतिमा कॅथलिक कलेत रूढ झाली. धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंट पंडितांनी या शब्दावर तीव्र आक्षेप घेतला. या वादाच्या पार्श्वभूमीवर इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने 1605-06 मध्ये काढलेले आणि आज रोमच्या बोर्गेसे संग्रहालयात असलेले चित्र पाहावे. मरिया पुढे वाकून बाळ येशूला दोन्ही हातांनी सावरते आहे, तिचे अनवाणी पाऊल सापाच्या डोक्यावर आहे आणि तिच्या पावलावर बाळाचे छोटे पाऊल टेकलेले आहे. बाजूला मरियेची आई, वृद्ध संत अॅना स्तब्ध उभी राहून पाहत आहे. चिरडणारी ‘ती’ की ‘तो’, या प्रश्नाला चित्रकाराने दोन पावलांच्या थराने उत्तर दिले आहे: पाऊल तिचे, भार दोघांचा. अशी चित्रे पाहताना कोणाचे पाऊल वर आणि कोणाचे खाली हे अवश्य मोजावे.

पायाखाली घेणारी व्यक्ती संत असेल तर तिची ओळख पटवणे फारसे कठीण नसते. सर्वाधिक गोंधळ मीखाएल आणि संत जॉर्ज यांच्यात होतो, कारण दोघेही चिलखत घालतात आणि दोघांच्याही हाती भाला किंवा तलवार असते. पंख असतील तर तो मीखाएल समजावा. त्याच्या एका हातात पुष्कळदा आत्म्यांना तोलणारा तराजूही असतो. घोडा, जमीन, दूरवर शहर आणि जवळपास राजकन्या असेल तर तो जॉर्ज. हा फरक केवळ बाह्य खुणांचा नाही. मीखाएलाचे युद्ध स्वर्गातले आणि विश्वव्यापी आहे. जर्मन चित्रकार ड्यूररने 1498 मध्ये प्रसिद्ध केलेल्या काष्ठचित्रात तो दोन्ही हातांनी लांब भाला ड्रॅगनच्या गळ्यात रोवतो आहे आणि खाली पृथ्वी मात्र शांत पसरलेली आहे. जॉर्जचे युद्ध एका गावाच्या वेशीवरचे आहे, त्यामुळे त्यात माणसांची भीती दिसते.

जॉर्ज हा रोमन सम्राट डायोक्लेशनच्या छळकाळातील हुतात्मा मानला जातो, आणि त्याच्या सर्वांत जुन्या कथांत ड्रॅगन नाहीच. तो कित्येक शतकांनी आला. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने यांनी संकलित केलेल्या संतचरित्रांच्या ग्रंथातून ती कथा युरोपभर पसरली. लिबियातील सिलेने नावाच्या नगराजवळच्या तळ्यात ड्रॅगन राहतो. लोक त्याला रोज मेंढ्या देतात, मेंढ्या संपत आल्यावर चिठ्ठ्या टाकून माणसे देतात, आणि एके दिवशी चिठ्ठी राजकन्येची निघते. जॉर्ज त्याला जखमी करतो, पण लगेच मारत नाही. तो राजकन्येला आपला कमरपट्टा ड्रॅगनच्या गळ्यात बांधायला सांगतो आणि ती त्याला पाळीव कुत्र्यासारखे शहरात घेऊन जाते. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील पाओलो उच्चेल्लोच्या चित्रात हे दोन क्षण एकाच वेळी दिसतात: उजवीकडून पांढऱ्या घोड्यावरील जॉर्जचा भाला ड्रॅगनच्या डोक्यात शिरला आहे, रक्त जमिनीवर ठिबकते आहे, आणि डावीकडे राजकन्येच्या हातात त्याच ड्रॅगनची दोरी आहे. कथा ठाऊक नसलेल्याला वाटेल की ती आपल्या पाळीव प्राण्याला वाचवायला आली आहे. कथा ठाऊक असेल तर त्या दोरीतून निराळी गोष्ट कळते: वासना, भय आणि दुष्टपणा यांना नष्ट करण्याआधी ताब्यात आणावे लागते, आणि ते काम शस्त्राचे नसून कमरपट्ट्यासारख्या साध्या, संयमाचे चिन्ह मानल्या गेलेल्या वस्तूचे आहे.

म्हणून हातातील वस्तूकडे लक्ष द्यावे. स्त्री ड्रॅगनच्या पाठीतून बाहेर येताना किंवा त्याच्यावर उभी राहून हातात छोटा क्रूस धरताना दिसली, तर ती अंत्युखियाची संत मार्गारेट होय. ड्रॅगनने तिला गिळले आणि क्रूसाच्या प्रभावाने त्याचे पोट फुटून ती सुखरूप बाहेर आली, अशी कथा आहे. तिच्या वस्त्राचा शेवट पुष्कळ चित्रांत ड्रॅगनच्या तोंडातून लोंबताना दिसतो. याकोबुस यांनी स्वतःच हा प्रसंग अविश्वसनीय ठरवला होता, तरीही प्रसूतीच्या वेळी स्त्रिया शतकानुशतके तिची प्रार्थना करीत आल्या, कारण बंद पोटातून जीव सुखरूप बाहेर येण्याची गोष्ट त्यांना आपली वाटली. हाती पवित्र जल शिंपडण्याची दांडी आणि पायाशी गुमान बसलेला ड्रॅगन असेल, तर ती संत मार्था. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील तारास्कों येथील तारास्क नावाच्या राक्षसाला तिने जल शिंपडून आणि क्रूस दाखवून मेंढरासारखे शांत केले व कमरपट्ट्याने बांधले. त्याला मारले ते नंतर जमलेल्या लोकांनी. शांत झालेल्या प्राण्याला जमावाने मारावे, हा शेवट मला नेहमी अस्वस्थ करतो, आणि मार्थेच्या चित्रांत मारण्याचा क्षण सहसा नसतो याचे समाधान वाटते.

इतर ओळखी लवकर पटतात. पेल्यातून डोकावणारा छोटा ड्रॅगन किंवा साप म्हणजे विष, आणि पेला धरणारा तरुण म्हणजे विषाने न मेलेला प्रेषित योहान. पोपच्या वेशातील व्यक्ती ड्रॅगनचे तोंड बांधत असेल तर तो संत सिल्व्हेस्टर. ड्रॅगनच्या तोंडात गोळे टाकणारा दानीएल असतो. डांबर, चरबी आणि केस शिजवून केलेले ते गोळे खाऊन बाबेलमध्ये पुजला जाणारा ड्रॅगन फुटून मरतो. ही कथा कॅथलिक बायबलमध्ये दानीएलाच्या चौदाव्या अध्यायात आहे, प्रॉटेस्टंट बायबलच्या मुख्य पुस्तकांत नाही.

यानंतरच ड्रॅगनच्या शरीराकडे वळावे, आणि तेथेही शेपटापासून सुरुवात करावी. मध्ययुगीन प्राणिग्रंथांच्या मते ड्रॅगनचे बळ दातांत नसून शेपटात असते आणि तो हत्तीलाही विळखा घालून गुदमरवतो; पापही माणसाच्या पायात असेच गुंतते, असे ते ग्रंथ समजावतात. शेपटाला गाठ पडलेली दिसली तर त्याचे बळ संपले असे समजण्यास जागा आहे. ही समजूत मिरवणुकांतही उतरली होती: काही ठिकाणी प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीच्या तीन दिवसांच्या मिरवणुकीत पहिले दोन दिवस फुगलेल्या लांब शेपटाचा ड्रॅगन क्रूसाच्या पुढे नेत, आणि तिसऱ्या दिवशी तोच रिकाम्या शेपटाने क्रूसाच्या मागे चालवीत. बेल्जियममधील मोंस शहरात आजही ट्रिनिटी रविवारी जॉर्ज आणि ड्रॅगन यांची झुंज होते आणि लोक शुभ म्हणून शेपटाच्या टोकाचे केस उपटण्यासाठी झटतात. ड्रॅगनचे केवळ उघडे तोंड दिसत असेल आणि त्यात माणसे भरलेली असतील, तर ते नरकाचे द्वार आहे. त्यातून ख्रिस्त आदाम आणि हव्वेला हात धरून बाहेर काढत असेल, तर ते मृत्यूवरील विजयाचे चित्र आहे.

काही ड्रॅगन मात्र या चौकटीत बसवू नयेत. रोममधील संत पीटरच्या बॅसिलिकेत तेराव्या ग्रेगरीच्या समाधीवर ड्रॅगन आहे, आणि तो सैतान नाही: 1582 मध्ये दिनदर्शिका सुधारणारा हा पोप बोंकोम्पान्यी घराण्यातील होता आणि ड्रॅगन हे त्या घराण्याचे कुलचिन्ह होते. बोर्गेसे घराण्यातील पोप पाचव्या पॉलच्या चिन्हातही गरुडाबरोबर ड्रॅगन आहे. तेव्हा ड्रॅगनजवळ पोपचा मुकुट आणि किल्ल्या दिसल्या, तर आधी कुलचिन्हाची ढाल शोधावी. खांबावर टांगलेला साप दिसला तर तोही शत्रू नव्हे. मोशेने रानात उंच केलेला तो पितळी साप आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूने स्वतःच्या क्रूसाची तुलना त्याच्याशी केली आहे.

शेवटी असा एक ड्रॅगन, ज्याचे चित्रच नाही. संत बेनेडिक्टच्या पदकाच्या मागील बाजूस एक क्रूस असतो आणि त्याच्या भुजांवर सुटी अक्षरे असतात. उभ्या भुजेवर सी, एस, एस, एम, एल आणि आडव्या भुजेवर एन, डी, एस, एम, डी; दोन्हींमध्ये मधले एस सामाईक आहे. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. आधी उभी ओळ वाचावी: ‘पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो.’ मग आडवी: ‘नॉन द्राको सित मिही दुक्स’, ड्रॅगन माझा वाटाड्या न होवो.